पाच ठिपके

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा अंगावर गोंदवून घेतलं. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला पाच ठिपके आहेत. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक. प्रत्येक ठिपका मोहरीएवढा. घड्याळ घातलं की झाकले जातात, म्हणून हल्ली मी घड्याळ उजव्या हातात घालते. हे ठिपके माझ्या हातावर यायला चोवीस वर्षं लागली. तेवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या अंगावर खुणा करत होते.

मी रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात कॅन्सरच्या पेशंटना किरणोपचार देण्याचं काम करते. आमच्याकडे किरणोपचाराला कुणी ‘शेक’ म्हणतं, कुणी ‘लाईट’. ‘बाई, आज माझा कितवा लाईट?’ हा प्रश्न मी दिवसातून दहा वेळा ऐकते. डोस डॉक्टर ठरवतात, त्याचं गणित फिजिसिस्ट मांडतात. पेशंटला रोज तंतोतंत त्याच जागी, त्याच पद्धतीने झोपवणं हे आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण माणसाचं शरीर म्हणजे लाकडाची फळी नव्हे. श्वास चालू असतो, खांदा आखडलेला असतो, उपचार सुरू असताना वजन उतरतं, भीतीने अंग ताठ होतं. आणि फरकाला मुभा असते ती काही मिलिमीटरची. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी सर्रास 25 फ्रॅक्शन, म्हणजे 25 ‘लाईट’, पाच आठवडे द्यायचे, आता बऱ्याच जणींना 15 दिले जातात. पंधरा असोत की पंचवीस, प्रत्येक दिवशी ती बाई पहिल्या दिवशी जशी झोपली होती तशीच झोपायला हवी.

त्यासाठी ठिपके. पहिल्या दिवशी सीटी स्कॅन काढून उपचारांची आखणी करतो, त्याला सिम्युलेशन म्हणतात. खोलीतल्या भिंतींवर आणि छतावर लेझर बसवलेले असतात. त्यांच्या रेघा पेशंटच्या अंगावर जिथे एकमेकींना छेदतात तिथे आम्ही खूण करतो. छातीच्या उपचारात सहसा तीन खुणा असतात, एक मधोमध आणि दोन दोन्ही कुशींवर. पुढे उपचारात रोज त्या तीन खुणांवर लेझरच्या रेघा जुळल्या की शरीर जागेवर आलं असं समजायचं. मग आम्ही बाहेर येतो, जाड दार बंद होतं आणि पेशंट आत एकटा राहतो. आम्ही त्याला कॅमेऱ्यातून बघत असतो.

मी 1999 मध्ये कामाला लागले तेव्हा या खुणा रंगाने करायचो. पेशंटला बजावून सांगायचं, ‘उपचार संपेपर्यंत इथे पाणी लावायचं नाही, साबण नाही, घासायचं नाही.’ एप्रिल-मे महिन्यात, बसने तीन तास प्रवास करून येणाऱ्या बायकांना आम्ही हे सांगत होतो. घामाने रंग पसरायचा, ब्लाउजला लागायचा. एका दिवाळीत एक गृहस्थ पहाटे अभ्यंगस्नान करून आले आणि सगळ्या खुणा गेलेल्या. ‘सणाचा दिवस होता, राहवलं नाही,’ म्हणाले आणि शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून उभे राहिले. त्यांची सगळी मापं पुन्हा घ्यावी लागली. म्हणून आमच्याकडे कायमच्या ठिपक्याची पद्धत आली तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. त्वचेवर निर्जंतुक काळ्या शाईचा थेंब ठेवायचा, त्यातून बारीक सुई टोचायची, जरा उचलायची, बोळ्याने पुसून घ्यायचं. दहा सेकंदांत काम होतं. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरवाल्यांना याची गरज पडत नाही, त्यांच्या चेहऱ्यावर प्लास्टिकचा मास्क साच्यासारखा बसवतात आणि खुणा मास्कवर करतात. बाकीच्यांना ठिपके. किती जणांना दिले ते मोजलेलं नाही, पण आकडा हजारांत जाईल.

सुई टोचताना मी एकच वाक्य बोलायचे. ‘थोडं टोचेल हं.’

2016 च्या सुमाराला एक शिक्षिका आमच्या विभागात आल्या. उपचार संपून सहा महिने झाले होते. तपासणी डॉक्टरांकडे होती, पण त्या मुद्दाम मला भेटायला खाली आल्या. वय अडतीस-चाळीस. केस पुन्हा आले होते, तब्येत चांगली दिसत होती. मला वाटलं पेढे घेऊन आल्या असतील. त्यांनी पदर जरा बाजूला केला आणि गळ्याखालच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

‘मॅडम, हा कधी जाणार?’

‘तो जात नाही,’ मी म्हणाले.

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘उपचारांबद्दल माझी काही तक्रार नाही. तुम्ही सगळे चांगले वागलात. पण रोज सकाळी मंगळसूत्र घालताना आरशात आधी हा दिसतो. वर्गात मुली विचारतात, टीचर, ते काय लागलंय? तुम्ही म्हणालात थोडं टोचेल. कायमचं राहील असं कुणी बोललं नाही.’

मी त्यांची फाइल काढली. संमतिपत्र होतं, खाली त्यांची सही होती. इंग्रजी मजकुराच्या मधल्या एका ओळीत कायमच्या खुणेचा उल्लेखही होता. कागद पुरा होता आणि तरी त्या बाईंना काहीच सांगितलेलं नव्हतं. सांगायला हवं होतं ते मी, कारण सुई माझ्या हातात होती. मग मी त्यांना समजावलं की पुढे कधी त्या भागाला पुन्हा उपचार लागलाच, तर आधी कुठे दिलं होतं हे या ठिपक्यावरून नेमकं कळतं. त्या म्हणाल्या, ‘हे तेव्हा सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं.’

हे वाक्य मी घरी घेऊन गेले आणि ते अजून माझ्याजवळ आहे. त्या नाही म्हणाल्या असत्या तर मला एवढं लागलं नसतं. त्या हो म्हणाल्या असत्या, आणि ते हो म्हणायची संधीच मी त्यांना दिली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी सांगायला लागले. पण सांगणं घाईचं होतं, सुई हातात धरून, पुढच्या पेशंटकडे डोळा ठेवून.

मग जतकडच्या एक आजी आल्या. सत्तरीच्या पुढच्या, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले, हनुवटीवर ठिपका, कपाळावर चंद्रकोर. मी माझं नेहमीचं सांगितलं, ‘आजी, इथे तीन ठिपके देणार आहे, ते जाणार नाहीत, चालेल ना?’ तर आजी हसल्या. ‘गोंदायचंय व्हय? मग त्येला एवढं काय!’ मग स्वतःचे हात पुढे करून एकेक खूण सांगायला लागल्या. ही तुळस. हा इंचू. हे राम-लक्ष्मण. कोपराच्या सांध्याजवळ ठिपक्यांची रांग होती. ‘ह्यो हात लई ठणकायचा, म्हणून आयनं गोंदून घ्येतलं.’ मग माझ्याकडे बघून विचारलं, ‘तुज्या ह्या ठिपक्याला काय म्हनायचं?’

मला उत्तर सुचेना. मी म्हणाले, ‘खूण आहे आजी. मशीनला रोज तुमची जागा सापडावी म्हणून.’

‘म्हंजी वाट चुकू नये म्हणून,’ आजी म्हणाल्या. आमच्या पुस्तकांत या ठिपक्याच्या व्याख्या आहेत. इतकी नेमकी त्यांत एकही नाही. मग त्यांनी माझं मनगट धरून उलटंपालटं केलं. ‘तुज्या अंगावर काय हाय?’

‘काही नाही.’

‘कोरीच हाय म्हन की. आगं, सोनंनाणं सारं हितंच ऱ्हातं. वर जाताना गोंदान तेवढं संगट येतं.’

सांध्यांजवळच्या गोंदणाचं पुढे एकदा वाचनात आलं. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात साधारण 5,300 वर्षांपूर्वीच्या माणसाचा देह सापडला, त्याला ओत्झी म्हणतात. त्याच्या अंगावर 61 गोंदणखुणा आहेत, कोळशाच्या, साध्या रेघा आणि फुल्या. त्यांतल्या बऱ्याच खुणा कंबर, गुडघा, घोटा अशा झिजलेल्या, दुखऱ्या सांध्यांपाशी आहेत, म्हणून ते गोंदणं उपचारासाठी असावं असं अभ्यासकांना वाटतं. मला आजींचा कोपर आठवला. दुखणाऱ्या माणसाच्या अंगावर ठिपका देण्याचं आमचं काम म्हणजे फार जुनं काम आहे.

आजी भेटल्या त्या रात्री मी आईजवळ बसले. आईच्या डाव्या हातावर मनगटाच्या आत पाच ठिपके आहेत, चौकट आणि मध्ये एक, आणि त्यावर तुळशीवृंदावन. लहानपणापासून बघत आले, पण त्याबद्दल कधी विचारलं नव्हतं. आई म्हणाली, ‘नऊ वर्षांची होते. गावच्या जत्रेत गोंदणारीण बसायची. तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधलेल्या, वाटीत काजळी कालवलेली. आत्याने हात दाबून धरला. मी लाथा झाडल्या, ओरडले. सगळ्या बायका हसत होत्या. मला कुणी विचारलं नाही, गोंदायचं का म्हणून.’

आई लग्न होऊन शहरात आली, तेव्हा शेजारच्या बायकांचे हात कोरे होते. तिने ब्लाउजच्या बाह्या लांब शिवून घेतल्या. मला नेहमी वाटायचं, आईला लांब बाह्या आवडतात. वडील गेल्यावर पेन्शनच्या कागदावर ‘ओळखीची खूण’ लिहायची वेळ आली, तेव्हा कारकुनाने तिचा हात बघून लिहिलं, ‘डाव्या हातावर गोंदण.’ गोंदण उपयोगी पडलं ते तेवढ्या एका ठिकाणी, असं तीच सांगते.

गोंदणाबद्दल हल्ली हळवं होऊन पुष्कळ बोललं जातं. मीही आईचे ठिपके म्हणजे आजोळची आठवण असंच समजत होते. पण आईच्या हातावरचे ठिपके आणि त्या शिक्षिकेच्या गळ्याखालचा ठिपका एका बाबतीत सारखेच होते. दोघींनाही कुणी विचारलं नव्हतं. आत्याने प्रेमाने हात दाबला होता, मी उपचारासाठी सुई टोचली होती. हेतू दोन्हीकडे चांगला होता. तरी अंग जिचं तिचं होतं.

त्यानंतरही तीन-चार वर्षं गेली. 2023 मध्ये ठरवलं. या वयात अंग रोज काहीतरी नवं सांगत असतं. पाळी थांबत आली होती, डोळ्यांवर चष्मा आला होता, पाठ बोलायला लागली होती. हे सगळं न विचारता झालं होतं. एक बदल तरी मी विचार करून, स्वतःहून घ्यावा असं मनात आलं. आणि खरं सांगायचं तर हजारो लोकांना जे दिलं ते अंगावर घेतल्याशिवाय त्याबद्दल बोलायचा मला काय अधिकार, हेही होतंच.

कोल्हापूरला एका स्टुडिओत गेले. टॅटू काढणारा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा. मी पाच ठिपक्यांचा कागद दाखवला आणि मशीनशिवाय, हाताने सुई टोचून करशील का विचारलं. ‘करतो की काकू, हॅण्डपोक म्हणतात,’ तो म्हणाला. त्याने आधी बसवून प्रश्न विचारले. साखर आहे का, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का, कशाची ॲलर्जी, जखमेचा वण उंच होतो का. मग हात धुतले, हातमोजे घातले, सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, शाई नव्या टोपणात ओतली. जत्रेत एका सुईने शंभर हात गोंदायचे. त्यातून कावीळ बी आणि सी, एचआयव्ही असे आजार पसरण्याचा धोका असतो. म्हणून गोंदवून घेणाऱ्याने सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं, त्यात भीड ठेवू नये.

त्याने ठिपक्यांचा छाप मनगटावर उठवला आणि म्हणाला, ‘हात वळवा. बघा, सरळ हाताला बरोबर दिसतंय, पण वळवल्यावर तिरकं जातंय. कसं हवं?’ मी त्याच्याकडे बघतच राहिले. कातडी सरकते, आज इथे असलेली खूण उद्या हात उचलल्यावर तिथे नसते, हेच तर मी रोज नव्या मुलांना शिकवते. त्याने छाप पुसला, पुन्हा उठवला. ‘आता बघा. इथेच ना?’ मी हो म्हटलं. सुई उचलून पुन्हा थांबला. ‘काकू, सुरू करू?’ मी हो म्हटलं. पहिला ठिपका झाला. मुंगी चावून धरते तसं दुखलं. त्याने पुसलं, मला नीट बघू दिलं आणि म्हणाला, ‘एक झाला. थांबायचं असेल तर आत्ताही थांबता येईल.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं दुखलं. पाच ठिपक्यांसाठी त्या पोराने मला तीन वेळा विचारलं होतं. त्याच्यासमोर मी धडधाकट बसले होते, स्वतःच्या पायांनी आले होते, पैसे देणार होते. माझ्यासमोर जे झोपतात ते घाबरलेले असतात, अर्धे कपडे उतरवलेले असतात, हात डोक्यावर बांधल्यासारखे धरलेले असतात. विचारण्याची जास्त गरज त्यांनाच असते.

टॅटू झाल्यावर काही दिवस भिजवायचा नव्हता, उन्हात न्यायचा नव्हता. रक्तदानालाही वर्षभर सुट्टी. मी दर वर्षी रक्त देते, पण आमच्या रक्तपेढीने बारा महिने थांबायला सांगितलं. त्या दिवसांत गोंदण टिकतं कसं ते शोधून वाचलं. वरची कातडी महिन्याभराने नवी होते, शाई तिच्या खालच्या थरात असते. तिथल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळून बसतात. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं की ती पेशी मेली की शाई सुटते आणि शेजारी आलेली नवी पेशी ती पुन्हा धरते. म्हणजे ठिपका एका पेशीकडे कायमचा नसतो. एक जाते, दुसरी सांभाळते. आईच्या मनगटावरचे नऊ वर्षांच्या मुलीचे ठिपके असे त्रेसष्ट वर्षं हातोहात चालत आले आहेत.

आईला दाखवले तेव्हा तिने चष्मा लावला, माझं मनगट तिच्या मनगटाशेजारी धरलं. तिचे ठिपके निळसर हिरवे, पसरलेले. माझे काळे, रेखीव. अंगठ्याने चोळून बघितलं.

‘दुखलं का गं?’

‘थोडं.’

‘हात कुणी धरला होता?’

‘कुणी नाही. त्याने तीन वेळा विचारलं.’

आई बराच वेळ माझा हात धरून बसली. मग म्हणाली, ‘बरं केलंस.’ आमच्या घरातलं विचारून झालेलं हे पहिलं गोंदण.

त्यानंतर माझं काम बदललं, आणि हे मी अभिमानाने सांगते. आता सिम्युलेशनच्या आधी, पेशंट कपडे घालून खुर्चीत बसलेला असताना मी समोर बसते. सुई ट्रेमध्ये झाकलेली असते. मनगट पुढे करते. ‘हे बघा, ठिपका एवढा असतो. हात लावून बघा. तो आयुष्यभर राहतो. रोज तुम्हाला नेमकं झोपवायला आणि पुढेही कधी गरज पडली तर आधीची जागा कळायला तो लागतो. गळ्याजवळचा जमेल तेवढा खाली घेऊ. नको असेल तर पेनाने खूण करून वर पारदर्शक पट्टी लावू, मात्र ती तुम्हाला सांभाळावी लागेल आणि गेली तर पुन्हा मापं घ्यावी लागतील.’ मग मी गप्प बसते. हे गप्प बसणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बहुतेक जण हो म्हणतात. काही जणी घरी विचारून सांगते म्हणतात. एखादी नको म्हणते, मग आम्ही पट्टी लावतो. गोंदलेले हात घेऊन आलेल्या आज्या माझे ठिपके बघून आपले दाखवतात, आणि त्यांचे आखडलेले खांदे सैल पडतात. सेटअप, म्हणजे टेबलावर नेमकं झोपवणं, चांगला होतो, हा कामाचाही फायदा.

काही ठिकाणी आता कॅमेऱ्यांनी त्वचेचा पृष्ठभागच वाचणारी यंत्रणा आली आहे. तिथे ठिपक्यांची गरज उरत नाही. आमच्याकडेही कधीतरी येईल आणि यावीच. पण तोवर राज्यातल्या अनेक रुग्णालयांत रोज कुणीतरी उघड्या अंगाने त्या थंड टेबलावर झोपेल आणि कुणीतरी शाईचा थेंब घेऊन वाकेल.

तुमच्या घरातलं कुणी किरणोपचाराला जाणार असेल तर आधी विचारा, खूण कशाने करणार, ती कायमची आहे का, कुठे येणार, दुसरा मार्ग आहे का. हे विचारल्याने कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी विचारा. माझ्या क्षेत्रातल्या नव्या मुलामुलींना एवढंच सांगणं आहे. समोरच्याचं अंग त्याचं आहे. सुई हातात घेण्याआधी विचारा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा.